पुन्हा कधी जायचं?

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरात टीव्ही आणि पाच ते बारा वर्षांचं मूल या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदत होत्या, त्यांना एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीची ओळख करून द्यायला नको. मुलानं तिथून घरी परतायलाच नकार द्यावा, अशी त्या गाण्यातली कल्पना होती. ती इतकी नेमकी होती की सुट्टी लागताच घरोघरी त्याच सुरात हट्ट सुरू होई. १९८९ साली गोराईला हे उद्यान सुरू झालं. तोवर मुंबईच्या मध्यमवर्गाला राणीची बाग, चौपाटीवरचा घोडा आणि फार तर माथेरानची गाडी एवढीच चैन ठाऊक होती. खाडी लाँचनं ओलांडून जायचं हे प्रकरण नवं होतं आणि खिशाला जडही होतं. तरी लोक गेले. काही हौसेनं गेले, काही शेजारचे जाऊन आले म्हणून गेले.

जाहिरातीतलं पोर घरी जायला तयार नसे. प्रत्यक्षातलं पोर जातंच. परतताना लाँचमध्ये बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपतं आणि दुसऱ्या दिवशी दात घासता घासता विचारतं, ''पुन्हा कधी जायचं?'' या प्रश्नाला घरात काय उत्तर मिळतं, त्यावर या सगळ्या धंद्याचं भवितव्य ठरतं. पहिल्यांदा माणूस कुतूहलानं येतो. दुसऱ्यांदा यायला त्याला कारण लागतं.

माझं आयुष्य बँकेत गेलं. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रजेच्या दिवशी. त्यामुळे कुठलीही भव्य वास्तू पाहिली की आधी डोळे दिपतात आणि लगेच हप्ता आठवतो. करमणुकीचं उद्यान हा हप्त्याच्या दृष्टीनं मोठा अवघड धंदा आहे. जमीन, यंत्रं, रस्ते, कृत्रिम डोंगर, हे सारं आधी उभं करावं लागतं आणि गिऱ्हाईक मागाहून येतं. पाळण्यात दोन माणसं बसली काय आणि पन्नास बसली काय, वीज तेवढीच जळते, चालवणारा पगार तेवढाच घेतो आणि रोज सकाळी रिकामी गाडी फिरवून करायची तपासणीही चुकत नाही. रविवारी रांगा, मंगळवारी शुकशुकाट. एप्रिल-मेमध्ये झुंबड, तर मार्चमध्ये परीक्षांमुळे सगळा कारभार थंड. बँकेचं व्याज मात्र रविवार-मंगळवार असा भेद पाळत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना माझ्या टेबलावर असाच एक प्रस्ताव आला होता. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि वॉटर पार्कचं वारं गावोगाव शिरलं होतं. पार्टी तालेवार होती. ऊस चांगला, शिवाय रस्त्यांची कंत्राटं. प्रोजेक्ट रिपोर्ट पुण्याहून करून आणलेला, त्यावर रंगीत चित्र. पहिल्या वर्षी जितकी माणसं, त्याच्या दीडपट दुसऱ्या वर्षी आणि त्याच्याही दीडपट तिसऱ्या वर्षी, असा चढता आलेख. मी विचारलं, ''आण्णा, तालुक्यातली सगळी माणसं एकदा भिजून गेली, की पुढच्या वर्षी ती परत का येतील?'' आण्णा हसले. म्हणाले, ''सायेब, पाणी दर उन्हाळ्याला नवंच असतंय की!'' उत्तर लाजवाब होतं, पण कर्जाच्या फायलीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. आमच्याकडून प्रस्ताव परत गेला आणि दुसऱ्या एका बँकेनं तो मंजूर केला. दोन उन्हाळे तिथं खरोखर गर्दी लोटली. तिसऱ्या वर्षापासून घसरगुंड्यांचा रंग उडू लागला. आज तिथं लग्नाचं लॉन आहे. त्या धंद्यात तेच गिऱ्हाईक परत येण्याची अपेक्षाच नसते, त्यामुळे ते उत्तम चालतं.

आण्णांचा हिशेब जत्रेच्या अनुभवावर बेतलेला होता. जत्रेला माणसं दर वर्षी जातात, तोच पाळणा, तोच मौत का कुआँ आणि तीच गोडीशेव असते, तरी जातात. पण जत्रा चार दिवसांत तंबू गुंडाळून पुढच्या गावी निघून जाते. वर्षभर तिची वाट पाहायला आपल्याला मोकळीक मिळते. शिवाय मधोमध देव असतो. देव बदलावा अशी कुणाची मागणी नसते. कायमच्या उद्यानाला या दोन्ही सोयी नाहीत. ते वर्षभर हायवेवर हात जोडून उभं राहतं आणि देव त्याला स्वतःच घडवावा लागतो.

हा देव घडवण्याचं काम वॉल्ट डिस्नीनं केलं आणि ते उद्यान बांधण्याच्या आधीच सुरू केलं. १९५१ मध्ये त्यानं कोपनहेगनचं टिवोली उद्यान पाहिलं होतं, १८४३ पासूनचं. तिथली स्वच्छता, दिवे आणि मुलांबरोबर मोठ्यांचंही रमणं त्याच्या मनात भरलं होतं. पैसे मात्र नव्हते. एबीसी या टीव्ही कंपनीनं पाच लाख डॉलर घातले आणि पंचेचाळीस लाखांपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात उद्यानात हिस्सा घेतला आणि वॉल्टकडून दर आठवड्याचा कार्यक्रम मागितला. कार्यक्रमाचं नाव डिस्नीलँड. १९५४ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेतली मुलं दर आठवड्याला घरबसल्या त्या न बांधलेल्या जागी जाऊन येऊ लागली. तारण म्हणून इतकं चोख काही माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिलं नाही. गिऱ्हाईक आधी जमलं, मग वीट चढली.

१७ जुलै १९५५ ला, कॅलिफोर्नियातल्या संत्र्यांच्या बागा तोडून केलेल्या जागेवर उद्यान उघडलं, तेव्हा पहिल्या दिवशी नुसता गोंधळ उडाला. बनावट प्रवेशपत्रांवर माणसं आत घुसली. ताजं डांबर उन्हानं मऊ पडून बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या. नळ-कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. तरीही सात आठवड्यांत तिथं दहा लाख माणसं येऊन गेली. पहिली खेच टीव्हीनं आणली हे खरं. पण दारातून आत आल्यावर पाय पुढे कसे पडतात, याचाही वॉल्टनं विचार केला होता. रस्त्याच्या टोकाला लांबून दिसेल असं काहीतरी उंच, देखणं असावं, म्हणजे माणूस आपोआप तिकडे ओढला जातो, असं त्याचं म्हणणं. या युक्तीला तो सॉसेज म्हणे, कारण कुत्र्याला सॉसेज दाखवत हवं तिकडे नेता येतं. मेन स्ट्रीटच्या टोकाचा राजवाडा हे ते सॉसेज. उपमा आपल्याला पाहुणे म्हणून फारशी शोभणारी नाही, पण देवळाचा कळस लांबून दिसला की चालून दमलेल्या माणसाच्या पायांत बळ येतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

तिकिटांची गोष्टही गमतीची. सुरुवातीला प्रत्येक खेळाला वेगळे पैसे पडत, आपल्या जत्रेसारखेच. मग कूपनांची पुस्तकं आली, 'ए'पासून पुढे चढत्या दर्जाची. १९५९ मध्ये 'ई' तिकीट आलं, सगळ्यांत भारी खेळांसाठी. पण कूपन फाडताना माणूस हिशेब करतो आणि हिशेब करणारा माणूस हरखत नाही. १९८२ मध्ये ही पुस्तकं गेली आणि एकदा पैसे भरून दिवसभर हवं तितकं बसायचं तिकीट रूढ झालं. त्यापुढची पायरी वार्षिक पासाची. ज्याच्या खिशात पास आहे त्याला प्रत्येक फेरी फुकट वाटते. पैसे भरलेच आहेत तर वसूल करू, म्हणून तो येतो, येताना पाहुणे आणतो, त्यांना तिकिटं लागतात आणि सगळ्यांना भूक लागते. बचत खात्यावर आम्ही व्याज कमी देत असू, तरी खातेदार महिन्यातून चार वेळा काउंटरवर येई. त्या येण्यातून मुलीच्या लग्नाची ठेव आणि घराचं कर्जही येई. पासाचं गणित काही वेगळं नाही.

परत येणाऱ्याला बोलवायचं कशानं? सोपं उत्तर आहे, नव्या खेळानं. वॉल्टचं म्हणणं होतं की हे उद्यान कधीच पुरं होणार नाही, आणि तसा तो वागलाही. १९५९ मध्ये एका दमात बर्फाळ डोंगरावरची धावती गाडी, पाणबुडीची सफर आणि मोनोरेल सुरू झाली. तेव्हापासून जगभरचे उद्यानवाले दर दोन-चार वर्षांनी काहीतरी नवं उभारतात आणि त्याची जाहिरात करतात. पण इथं एक पेच आहे. नवं बांधायला जागा लागते आणि जागेसाठी जुनं पाडावं लागतं. ते पाडलं की सगळ्यांत दुखावतो तो नेमका निष्ठावंत.

फ्लोरिडातल्या डिस्नीच्या उद्यानात १९७१ पासून मिस्टर टोड नावाच्या बेडकाची एक गाडी होती. साधीशी, अंधारातून वेडीवाकडी पळणारी. ती बंद होणार अशी बातमी फुटली तेव्हा चाहते हिरवे टी-शर्ट घालून तिच्यासमोर जमले आणि चक्क निदर्शनं केली. उपयोग झाला नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये गाडी बंद झाली आणि तिथं विनी द पू आला. पण बांधणाऱ्यांनी नव्या खेळात एक चित्र लावून ठेवलं. त्यात मिस्टर टोड घुबडाला जागेचा कागद सोपवतो आहे. म्हणजे रीतसर खरेदीखत झालं! मला हे चित्र फार आवडतं. ज्याला ठाऊक नाही त्याला ते दिसतही नाही आणि ज्याला ठाऊक आहे तो नव्या माणसाला कोपरानं ढोसून दाखवतो. ओळखीची खूण असणं आणि ती दुसऱ्याला दाखवता येणं यावर अर्धीअधिक निष्ठा उभी असते.

कॅलिफोर्नियात याहून शहाणी वाट काढली गेली. तिथला भुताचा वाडा १९६९ चा. तो पाडला तर दंगा होईल आणि तसाच ठेवला तर 'पाहिला आहे' म्हणून लोक पुढे जातील. २००१ पासून दर वर्षी सणासुदीच्या दिवसांत त्याच वाड्याला वेगळा साज चढवतात. पाहुणी भुतं येतात, दिवे बदलतात आणि जानेवारीत वाडा पुन्हा होता तसा होतो. आपल्या सार्वजनिक गणपतीचं हेच नाही का? मूर्ती त्याच घडणीची, मंडप त्याच चौकात, आरास मात्र दर वर्षी नवी, आणि 'यंदा काय केलंय' हे पाहायला गिरगावातून लोक लालबागला जातात.

तरीही मला सर्वांत खात्रीचं साधन वाटतं ते खेळाच्या तोंडाशी लावलेली उंचीची पट्टी. ती सुरक्षेसाठी असते आणि असायलाच हवी. पण धंद्याच्या दृष्टीनं ती म्हणजे आवर्ती ठेव आहे. माझ्या नातवाला खोपोलीच्या इमॅजिकात नायट्रोच्या दारातून परत फिरावं लागलं, दोन बोटं कमी पडली म्हणून. चाळीस मीटर उंचीचा तो झोकांड्या खाणारा लोखंडी अजगर पाहून माझ्या पोटात गोळा आला होता, त्यामुळे मला सुटल्यासारखं झालं. पोराचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यानं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि दर पंधरा दिवसांनी तो तिच्यापाशी उभा राहू लागला. सौभाग्यवतींचं दूध पिण्याचं जे आर्जव सहा वर्षं फुकट गेलं होतं, ते त्या रेघेनं एका आठवड्यात फळाला आणलं. कोणत्या जाहिरातदाराला हे जमेल? मूल वाढतं, दर वर्षी एक नवं दार उघडतं आणि उद्यानाला नवा खिळाही ठोकावा लागत नाही.

त्या दिवशी आम्ही बाकी पुष्कळ पाहिलं. नर्मदेकाठच्या जीवाश्मांवरून ज्याची ओळख पटली त्या राजासॉरसची पाण्यातली सफर, अलीबाबाची गुहा, मिस्टर इंडिया. मोठ्या पडद्यासमोर लोंबकळत्या खुर्चीत बसवून हिंदुस्थानावरून उडवून आणणारा एक खेळ आहे, त्यात मला पुन्हा बसावंसं वाटलं. पण बँकेच्या माणसाला इमॅजिकाची दुसरी गोष्टही ठाऊक असते. एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टींनी ते उघडलं, मुंबई-पुण्याच्या मधोमध, एक्स्प्रेस वेच्या हाकेवर. जागा हेरावी तर अशी. दर्जाही जगाच्या तोडीचा. मात्र उभारणी मोठ्या कर्जावर झाली होती आणि कर्ज हजार कोटींच्या घरात गेलं. २०१५ मध्ये शेअर बाजारातून पैसा उभा केला, हॉटेल आलं, वॉटर पार्क आणि बर्फाचं पार्क आलं. त्यात २०१७ मध्ये जीएसटी २८ टक्के लागला. तो जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्क्यांवर आला, पण पुढे कोविडनं दारंच बंद केली. अखेर २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. लोणावळा आणि शिर्डीत वॉटर पार्क चालवणारी ही मंडळी. शिवाय त्यांचं मूळ घराणं गाय छाप जर्द्याचं. गिऱ्हाईक परत कसं येतं, हे त्यांना निराळं शिकवायला नको, असं मी म्हटलं तर कुणी राग मानू नये. शिर्डीचं गणितही पाहण्यासारखं आहे. तिथं दर्शनाला माणूस पुन्हा पुन्हा येतोच, उद्यानाला फक्त त्याची दुपार हवी असते.

कर्जाच्या आलेखावर स्वप्न रंगवण्याचा हा आजार काही फक्त आपला नाही. पॅरिसजवळ १२ एप्रिल १९९२ ला युरो डिस्ने उघडलं, तेव्हा साक्षात डिस्ने कंपनी त्यात होती. तरी दोन वर्षांत बँकांना व्याजावर पाणी सोडून फेररचना करावी लागली. कारणं अनेक होती, मंदी हे मोठं. पण एक कारण पंगतीचंही होतं. उद्यानात वाइन मिळणार नाही, असा अमेरिकी नियम फ्रान्समध्ये नेऊन लावला होता. १९९३ मध्ये तो सैल केला. १९९५ मध्ये तिकीट उतरवलं, नवा मोठा खेळ आणला आणि त्या वर्षी पहिल्यांदा नफा दिसला. टोकियोत उलट झालं. १९८३ मध्ये उघडलेलं तिथलं उद्यान जपानी कंपनीच्या मालकीचं आहे आणि डिस्नेला नाव-चित्रांचा मोबदला मिळतो. जपान्यांनी खेळ अमेरिकेचे ठेवले, पण भेटवस्तू घरी नेण्याची आपली रीत पुरती ओळखली. पॉपकॉर्नसुद्धा नाना चवींचे ठेवले आणि ते गळ्यात अडकवायच्या डब्यांतून विकले. डबा घरी जातो, पुढच्या खेपेला पुन्हा भरायला येतो.

डब्यावरून आठवलं. आपल्याकडच्या एका उद्यानात, नाव कशाला घ्या, दारावरच्या पोऱ्यानं आमच्या पिशवीतली थालीपीठं बाहेर काढून ठेवली होती. नियम असेल. पण आत थालीपीठ मिळत असतं तर मी मुकाट विकत घेतलं असतं. तीनशे रुपयांचा थंडगार बर्गर खाऊन परतलेलं कुटुंब पुढच्या सुट्टीत पन्हाळ्याला जातं. या एका बाबतीत आपल्या उद्यानवाल्यांनी हिशेब पुन्हा मांडावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पहिल्या खेपेला माणसाकडून जास्तीत जास्त काढून घ्यायचं की दहा खेपांना थोडं थोडं, यातली निवड खरी स्वयंपाकघराशीच होते.

रांगेचंही तसंच. डिस्नेनं १९९९ पासून वेळ ठरवून देणारी सवलत फुकट दिली होती. आता जगभर लवकर आत जायचे जादा पैसे पडतात. आपल्याला यात नवल नाही, देवळात आपण पास काढून दर्शन घेतोच. फरक इतकाच की देवळातल्या रांगेत चार तास उभा राहिलेला माणूस त्या तासांना पुण्य समजतो. उद्यानाच्या रांगेतला माणूस पलीकडच्या मोकळ्या रांगेतून हसत जाणारं कुटुंब लक्षात ठेवतो.

दक्षिणेत वंडरलानं हा धंदा थोड्या संथ चालीनं केला. व्ही-गार्ड स्टॅबिलायझरवाले कोचौसेफ चिट्टिलापिल्ली यांनी २००० मध्ये कोचीला वीगालँड काढलं, २००५ मध्ये बंगळूरला दुसरं आणि २०१६ मध्ये हैदराबादला तिसरं. काही खेळ ते स्वतःच्या कारखान्यात बनवतात, त्यामुळे नवा खेळ आणायला दर वेळी परदेशी बनावटीकडेच बघावं लागत नाही. शाळांच्या सहली हा त्यांचा मोठा आधार. आमच्या वेळी लाल एसटीतून रायगड नाहीतर वेरूळ पाहायला नेत. आता सहल म्हणजे वॉटर पार्क, याचं मला थोडं वाईट वाटतं. पण सहलीला आलेलं पोर दहा वर्षांनी मित्रांबरोबर आणि वीस वर्षांनी स्वतःचं मूल घेऊन येतं, हे खरंच आहे.

अट एवढीच की तोवर उद्यान जागेवर हवं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मध्ये उघडलं, एशियाडच्या हत्तीच्या नावानं. २००८ मध्ये ते बंद झालं. आपल्या पोराला 'मी इथं बसलो होतो' म्हणून दाखवायच्या वयात दिल्लीतली ती पिढी आली, तेव्हा दाखवायला काही उरलं नव्हतं.

टिवोलीत १९१४ सालची लाकडी डोंगरगाडी अजून धावते. तिला आपोआप लागणारा ब्रेक नाही. प्रत्येक गाडीत एक ब्रेकवाला बसतो आणि कुठल्या उतारावर किती आवळायचं हे तो ठरवतो. त्यामुळे गाडी तीच, डोंगर तोच, तरी कालची फेरी आणि आजची फेरी अगदी सारखी कधी होत नाही. आमच्या पुस्तकात घसारा पुरता फिटलेल्या यंत्राची किंमत एक रुपया लिहून ठेवण्याची रीत होती. या गाडीचा घसारा फिटून किती पिढ्या झाल्या असतील कोण जाणे. ब्रेकवाल्याचा पगार मात्र तिथं अजून दर महिन्याला खर्चात पडतो.